दहा रुपयांवरील गुप्तधन

सेवानिवृत्त मनुष्यास काही छंद असावा, हा विचार त्या मनुष्यास स्वतःस सहसा सुचत नाही. तो सुचतो त्याच्या कुटुंबास, कारण भर दुपारी यजमान घरात असणे ही गोष्ट तीन तपांच्या संसारात त्या माउलीच्या वहिवाटीत बसलेली नसते, आणि त्यानंतर तो सुचतो अशा शेजाऱ्यांस, की ज्यांच्या ओट्यावर हा गृहस्थ वर्तमानपत्र परत करण्याच्या मिषाने रोज नव्याने ठाण मांडून बसतो. आमच्या फ्रीगंजात, ज्यास ठाण्याच्या आणि इस्पितळाच्या पाटीवर माधवनगर म्हणतात, या अवस्थेवर काही उपाय परंपरेने मान्य आहेत: पहाटे महाकालास जाणे, सायंकाळी टॉवरच्या चौकात उभे राहून घड्याळ बरोबर आहे की मागे, याविषयी आपले मत देणे, शहीद पार्कातल्या बाकावर बसून शिंदे सरकारांच्या अमदानीत सगळा कारभार किती चोख होता हे, ती अमदानी स्वतः न पाहता, शपथेवर सांगणे, आणि पोहे पुलाच्या अलीकडचे चांगले की पलीकडचे, या वादात एका पक्षाची कायमची वकालत पत्करणे. हे सर्व यथासांग चालू असतानाच आमचे पुण्याचे जावई आणि इंग्लंडातील पुतण्या या उभयतांनी, एकमेकांशी कसलीही मसलत न करता, दोन स्वतंत्र दरखास्ती आमच्याकडे रवाना केल्या. जावयांचे म्हणणे असे, की "बाबा, तुम्ही एकदा तंबूत राहून बघाच", आणि पुतण्याचे म्हणणे असे, की "काका, उज्जैनला राहून तुमच्याकडे मेटल डिटेक्टर नाही, म्हणजे कमालच झाली!"

माझी सारी नोकरी जिल्ह्याच्या ट्रेझरीत गेली असल्यामुळे एका वेळी दोन अर्ज आले, की दोन्हींची स्वतंत्र मिसल तयार करून मगच शेरा मारावा, ही सवय हाडीमांसी खिळलेली आहे. तेव्हा प्रथम तंबूची मिसल.

आमचे जावई दर हिवाळ्यात पवना धरणाच्या काठी तंबू भाड्याने घेऊन राहतात. तेथे शनिवारी रात्री शेकडो तंबू रांगेने उभे असतात, प्रत्येक तंबूपुढे शेकोटी, प्रत्येक शेकोटीपुढे गिटार, आणि प्रत्येक गिटारीपुढे एकच गाणे. सकाळी उठल्यावर धुके पाहायचे आणि चहा-पोहे घेऊन पुण्यास परतायचे. या सर्वास ते निसर्गाच्या सान्निध्यातील एकांत म्हणतात. वस्तुतः पैसे मोजून जमिनीवर निजणे ही कल्पना आमच्या पिढीस समजावयास जड जाते, कारण आमच्या आजोबांनी खाट घेण्यासाठी पैसे साठविले होते, ते जमिनीवरून उठता यावे म्हणून.

शिवाय माळव्यातील मराठी माणसास तंबूचे अप्रूप ते काय असणार? आमचे पूर्वज येथे आले तेच मुळी राहुट्या घेऊन. टॉमस ब्राउटन नावाचा एक इंग्रज अंमलदार १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर हिंडत होता आणि तेथून त्याने धाडलेली पत्रे पुढे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात तो लिहितो, की कूच झाले म्हणजे बिनीवाला पुढे जाई, मुक्कामाची जागा मुक्रर करी आणि महाराजांचे डेरे जेथे पडावयाचे तेथे एक लहानसे पांढरे निशाण रोवी. मग मागाहून येणाऱ्या प्रत्येक बाजाराचे निशाण आपापल्या ठरीव जागी लागे, आणि दुकानांच्या दोन समांतर ओळी उभ्या राहत. प्रत्येक मुक्कामी तीच रचना, तोच क्रम. म्हणजे वाण्याचे दुकान काल ज्या हाताला होते त्याच हाताला आज, फक्त गाव निराळे. मला तर वाटते, की घरापासून इतके दूर जाऊनही घर सोडल्याचा यत्किंचितही भास होऊ न देण्याची ही विद्या पवनेच्या काठी अद्याप पोहोचलेली नाही.

परंतु या छंदाचा खरा दोष पुढेच आहे. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी केली आणि ती उचलण्याचे राहून गेले. तंबूंच्या जागी घरे झाली, घरांचे वाडे झाले, वाड्यांचे शहर झाले, आणि त्या शहरास लोक आजतागायत लष्कर म्हणतात. राणोजी शिंद्यांच्या काळापासून राजधानी म्हणून नांदत असलेले उज्जैन त्या दिवसापासून सुभ्याच्या पायरीवर उतरले ते उतरलेच. जावयांस मी पत्राने सविनय कळविले, की ज्या करमणुकीपायी आमच्या गावाची राजधानी गेली, तिचा पुरस्कार निदान सासुरवाडीच्या मंडळींपुढे तरी करू नये.

आणि समजा, इतिहास विसरून तंबू ठोकावयाचा म्हटला, तरी सिंहस्थ पाहिलेल्या गावात तो कोणत्या तोंडाने ठोकावा? दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत आणि सूर्य मेषेत आला, की क्षिप्रेच्या काठी मंगळनाथापासून दत्त आखाड्यापर्यंत कापडाचे एक अख्खे नगर वसते. १९८०, १९९२, २००४ आणि २०१६ ही चार नगरे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली, आणि २०२८ च्या नगराची आखणी कानांवर येत आहे. चैत्र-वैशाखाच्या त्या उन्हात, जेव्हा फ्रीगंजातले डांबर चपलेस चिकटते, तेव्हा आपल्याभोवती गोवऱ्यांची धगधगती कडी रचून मध्यभागी बसलेला साधू ज्याने पाहिला आहे, त्याच्यापुढे झोपण्याची पिशवी पसरून "मी निसर्गाशी एकरूप होण्यास आलो आहे" असे म्हणण्यास निराळ्याच जातीचे धैर्य लागते.

तथापि मिसल एकतर्फी राहू नये म्हणून मी चौकशीस बाहेर पडलो. आमच्याकडे तंबू मागावयाचा तो टेंट हाऊसवाल्याकडे; अन्य कोणी तो विकीत असल्याचे आमच्या गल्लीत ठाऊक नाही. दुकानदार गाद्यांच्या चवडीवर बसून पावतीपुस्तक चाळीत होता. मी म्हटले, एक तंबू हवा आहे. त्याने मान वर न करता विचारले, "तारीख बताइए।" मी म्हटले, तारखेचा आग्रह नाही, माणसे दोन आहेत. "दो सौ?" दो सौ नव्हे, दो. आता त्याने मान वर केली, माझे पिकलेले केस न्याहाळले आणि आवाज उतरवून म्हणाला, "कोर्ट मैरिज है क्या?" मी लग्नाचा इन्कार करताच त्याच्या मुद्रेवर एकाएकी गांभीर्य पसरले, त्याने पावतीपुस्तक मिटले, आत वळून पोऱ्यास सफेद चादरी काढावयास सांगितले आणि अत्यंत सहानुभूतीने मला म्हणाला, "अच्छा, उठावना है। पहले बताना था, बाबूजी।" दोन जिवंत माणसे विनाकारण तंबूत निजू इच्छितात ही शक्यता त्याच्या व्यवसायाच्या कक्षेतच नव्हती, आणि त्याच्या अनुभवाचा आवाका पाहता ती नसणेच स्वाभाविक होते. चादरींचे भाडे न देता तेथून सुटका करून घेण्यास मला बरेच कौशल्य खर्चावे लागले.

दुसरी मिसल यंत्राची. आमचा पुतण्या रविवारी कोणा शेतकऱ्याची रीतसर परवानगी काढून त्याच्या नांगरलेल्या रानात हातात दांडा, कानांत आवाजाच्या वाट्या आणि कमरेस लहानसे खुरपे अशा थाटात उतरतो, दिवसभर जमीन हुंगतो आणि संध्याकाळी आपली कमाई पुसून तिचे छायाचित्र आम्हांस पाठवितो. कमाई म्हणजे बहुधा गंजलेली बटणे, पेयाच्या डब्यांची उचकटलेली झाकणे आणि क्वचित व्हिक्टोरिया राणीचा झिजलेला तांब्याचा पैसा, जो आमच्या देव्हाऱ्याच्या खणात खुरप्याविना सापडतो. परंतु त्याची आशा सुटत नाही, कारण २००९ साली स्टॅफर्डशायरमधील एका शेतात अशाच एका हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्यारुप्याच्या वस्तूंचे घबाड सापडले, त्याची किंमत सुमारे ३३ लाख पौंड ठरली आणि ती त्याला व शेतमालकाला वाटून मिळाली. एका माणसास घबाड मिळाले, की लाख माणसे बटणे उकरावयास लागतात. लॉटरीच्या खात्याचे तत्त्व यापेक्षा निराळे नाही.

या यंत्राचा पूर्वेतिहासही फारसा शुभ म्हणता यावयाचा नाही. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये धातुशोधनाचे एक यंत्र घाईघाईने सिद्ध केले, ते अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या देहात रुतलेली गोळी हुडकण्यासाठी. यंत्र नीट चालत होते. पण अध्यक्षांच्या अंगावर धरताच जिकडेतिकडे आवाज येऊ लागला, कारण ते ज्या बिछान्यावर पडले होते त्यात पोलादी तारा होत्या, आणि डॉक्टरसाहेबांनी आपण सांगितलेल्या बाजूखेरीज दुसरीकडे शोधू दिले नाही. गोळी सापडली नाही व सप्टेंबरात अध्यक्ष निवर्तले. यंत्र खरे बोलत असते, पण त्याच्याभोवती खाट असते आणि वरिष्ठ अधिकारी असतो, ही गोष्ट सरकारी नोकरास कोणी शिकवावयास नको.

आमच्याकडे तर धातुशोधक यंत्राची ओळख आहे ती चौकटीची. स्थानक म्हणा, मोठे देऊळ म्हणा, दुकानांचा मजलेदार इमला म्हणा, दारात ती उभी असते. प्रत्येक माणूस तिच्यातून जाताना ती चीत्कारते, पहारेकरी तिच्याकडे पाहत नाही, माणूस पहारेकऱ्याकडे पाहत नाही, आणि एखादा इसम आत जाताना ती गप्प राहिलीच, तर मात्र बिघडली की काय म्हणून सगळे तिच्याकडे पाहतात. पुतण्याने वर्णिलेला तो आवाज ऐकून अंगावर उठणारा रोमांच येथे कोणाच्या अंगावर उठावा?

जुन्या लोकांना असल्या यंत्राची गरजच नव्हती, कारण त्यांच्यापाशी पायाळू होता. जो पायांकडून जन्मास आला त्याच्या डोळ्यांत विवक्षित अंजन घातले, की त्यास भूमीतले धन दिसते, असा आपल्या आजीपणजींचा दृढ सिद्धांत. त्यामुळे प्रत्येक मराठी वाड्यात कोपऱ्यातल्या खोलीखाली एक हंडा, हंड्यावर एक नाग, आणि नात्यात कोठे तरी एक पायाळू, अशी पूर्ण व्यवस्था असे. खुद्द सरकारांच्या घरीही तोच प्रकार: ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील गंगाजळीची तळघरे कोठे व कशी उघडतात, हे पुरते न सांगताच जयाजीराव १८८६ मध्ये वारले आणि मागे राहिले होते नऊ वर्षांचे माधवराव. राजाचे हे, तर रयतेचे काय सांगावे! आणि ही श्रद्धा केवळ वाड्यांतच राहिली असेही नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील डौंडियाखेडा येथे, एका साधूस स्वप्नात एक हजार टन सोने दिसले म्हणून, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची कुदळ साऱ्या देशाच्या दूरदर्शन-वार्ताहरांसमक्ष चालली. निघाली ती खापरे आणि जुन्या भिंती, म्हणजे पुरातत्त्व खात्यास जे हवे असते ते. निराश झाले ते फक्त वार्ताहर.

परंतु यंत्राच्या मिसलीतले सर्वांत वाचनीय पान म्हणजे १८७८ चा गुप्तधनाचा कायदा. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची चीज, तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर सापडविणाऱ्याने कलेक्टरास लेखी खबर द्यावी: चीज काय, किती, कोठे सापडली, केव्हा सापडली. त्यानंतर ती जवळच्या सरकारी खजिन्यात जमा करावी किंवा मागाल तेव्हा हजर करीन असा जामीन द्यावा. मग कलेक्टर जाहीरनामा काढणार. हक्क सांगणाऱ्यांनी कधी हजर व्हावे ती तारीख जाहीरनाम्यापासून चार महिन्यांच्या आत नको आणि सहा महिन्यांच्या बाहेर नको. धन बेवारस ठरले आणि जमिनीचा मालक आडवा आला, तर करार नसल्यास तीन हिस्से सापडविणाऱ्याचे, चौथा मालकाचा. इतके होऊनही सरकारास ती चीज हवीच असेल, तर नुसत्या धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन सरकार ती घेऊ शकते. आणि खबरच न दिली, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड, अथवा दोन्ही.

आता, जवळचा सरकारी खजिना म्हणजे कोण, तर आम्हीच. माझ्या खिडकीशी कोणी इसम चिखलाने माखलेला हंडा घेऊन उभा राहिला असता तर काय झाले असते, हे मी अनेकदा मनाशी रंगवून पाहिले आहे. मी प्रथम विचारले असते, चलन कोठे आहे? मग, रक्कम आकड्यांत व अक्षरांत? मग, कोणत्या हेडाखाली जमा करावयाची? त्याने म्हटले असते, साहेब, हंडा आहे. मी म्हटले असते, हंडा हा हेड नाही. वरच्या मजल्यावर जाऊन विचारून या. जेवणाच्या सुट्टीनंतर तो पुन्हा आला असता, आणि तोवर, माझी खात्री आहे, हंड्यावरचा नागसुद्धा कंटाळून निघून गेला असता.

याखेरीज संरक्षित स्थळी परवान्यावाचून खणता येत नाही हे १९५८ चा कायदा सांगतो, आणि शंभर वर्षांवरील नाणे ही पुरावस्तू ठरते हे १९७२ चा. आणि आमचे उज्जैन हे स्थळ असे आहे, की गढकालिकेकडील टेकाडावर १९३८-३९ मध्ये ग्वाल्हेर दरबारच्या वतीने गर्दे यांनी खणले आणि १९५५ पासून पुढे केंद्राच्या खात्याने खणले, तेव्हा खाली अवंतीच्या राजधानीचा प्रचंड मातीचा तट लागला. अधिक चिन्हाच्या चार टोकांस चार वर्तुळे असलेली जी खूण प्राचीन नाण्यांवर आढळते, तिला नाणकशास्त्रज्ञ सरळ उज्जैन-चिन्ह म्हणतात. म्हणजे पुतण्याचे म्हणणे एका अर्थी रास्त आहे: येथे यंत्र चालू करावे तर ते बंदच होणार नाही. अडचण तीच आहे. तंबूस अशी जमीन हवी, जेथे माणूस गेलेला नाही. यंत्रास अशी हवी, जेथे माणूस राहून निघून गेला. उज्जैनात अडीच हजार वर्षांपूर्वी आलेला माणूस निघून गेलाच नाही. त्याच्या छातीवर दुसरा बसला, दुसऱ्याच्या छातीवर तिसरा, आणि सर्वांत वरच्या थरात मोटारसायकली लावण्यावरून तंटा चालू आहे.

या दोन्ही छंदांचा संगम करून दाखविणारा एकच मनुष्य या गावाने पाहिला, तो म्हणजे विष्णु श्रीधर वाकणकर. १९१९ मध्ये नीमचला जन्मलेला हा मराठी चित्रकार उज्जैनात स्थायिक झाला आणि खांद्यावर झोळी टाकून रानावनांत, गुहांत, खडकांच्या आडोशाला मुक्काम करीत आयुष्यभर हिंडला. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना खिडकीतून काही खडक पाहून हा गृहस्थ पुढच्या ठाण्यावर उतरला आणि पायी तेथे गेला. ती भीमबेटका निघाली, जी २००३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. उज्जैनच्या पूर्वेस पाऊण तासाच्या वाटेवरचे कायथा त्याने १९६४ मध्ये हुडकले, आणि चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली: तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या, अकीकाच्या माळा आणि एका मडक्यात भरून ठेवलेले शंखजिऱ्याचे हजारो सूक्ष्म मणी. पुतण्याच्या यंत्राने कुऱ्हाडीपाशी आरोळी ठोकली असती यात शंका नाही; पण मण्यांच्या त्या मडक्यावरून ते एक शब्द न काढता पुढे गेले असते, आणि खापरांवरून तर वर्षानुवर्षे. ज्या खापरावरून काळ कळतो ते यंत्रास ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येते ते बहुधा झाकण असते. वाकणकरांस १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु पुढच्या ठाण्यावर उतरणे हा छंद आहे असे आमच्या कुटुंबाचे मत नाही; तिकीट ज्या ठाण्याचे काढले तेथेच मनुष्याने उतरावे, असे तिचे म्हणणे आहे.

प्रत्यक्ष धातुशोधन कसे चालते हे पाहावयाचे असेल तर रामघाटावर जावे. तेथे दहा-बारा वर्षांची पोरे दोरीस लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि भाविकांनी क्षिप्रेस अर्पण केलेली नाणी ओढून काढतात. एका पोरापाशी मी उभा राहिलो. त्याने चुंबक वर काढला, त्यास चिकटलेले दोन रुपये सोडविले, एक खिळा पुन्हा पाण्यात फेकला, आणि माझी जिज्ञासा पाहून आपण होऊन सांगितले, "बाबूजी, दस वाला नहीं चिपकता।" हे शास्त्रतः अगदी बरोबर आहे: हल्लीची लहान नाणी चुंबकाकडे ओढली जाणाऱ्या पोलादाची असतात, दहाच्या दुरंगी नाण्यात मात्र तांब्याच्या मिश्रधातू असतात. परंतु माझ्या मनात निराळाच हिशेब सुरू झाला. दहा रुपयांहून अधिक झाले तरच कलेक्टरास खबर. नेमके दहाचे नाणे त्या मर्यादेत बसते. आणि चुंबक तर दहाचे उचलतच नाही. अर्थात एखाद्या पोराने पाण्यात बुडी मारून दहाचे एक आणि एकाचे एक अशी दोन नाणी एकाच मुठीत वर काढली, तर ती दडविलेली समजावी की वाहिलेली, नदीचा तळ ही जमीन समजावी की नाही, आणि क्षिप्रा ही चौथ्या हिश्शाची मालक ठरते काय, हे प्रश्न कायद्याने मोकळे ठेवले आहेत. मी ते त्या पोरास समजावून सांगू लागलो, तेव्हा तो दोरी गुंडाळून पुढच्या पायऱ्यांवर गेला.

घरी येऊन मी माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज लिहावयास घेतला आहे: या जिल्ह्यात १८७८ च्या कायद्यान्वये आजवर किती खबरा आल्या, किती जाहीरनामे निघाले, किती हंडे खजिन्यात जमा झाले, ते कोणत्या हेडाखाली घेतले, आणि सांप्रत ते कोठे आहेत. अर्जाची फी दहा रुपये आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील. तेथे समाधान झाले नाही, तर दुसरे अपील भोपाळास, आणि भोपाळच्या तारखा कशा पडतात हे मला नोकरीपासून ठाऊक आहे. कुटुंबाने अर्ज दोनदा वाचला, भोपाळला मुक्काम करावा लागेल काय असे विचारले, आणि लागेल असे कळताच तिच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरली ती मी निवृत्तीनंतर प्रथमच पाहिली. "अहो, मग जावईबापूंना आणि त्या पुतण्याला काय कळवायचं?" तिने विचारले. मी म्हटले, दोन्ही प्रकरणे विचाराधीन आहेत, असे कळव.